मार्कोस, दार उघडं असायला हवं होतं

थेसालोनिकी, गुरुवार, २५ एप्रिल २०१३
सूर्य अजून मावळायचा आहे

मार्कोस,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. मुद्दामच लिहिलेलं नाही. ज्या माणसाने सख्ख्या थोरल्या भावाला स्वतःच्या नामदिनी दारातून परत पाठवलं, त्याला प्रिय म्हणायला माझा हात धजत नाही.

मी सहासष्ट वर्षांचा आहे. सव्वीस तास विमानात गुडघे पोटाशी घेऊन बसलो आणि आज सकाळी नऊला इथे उतरलो. सोबत दोन मित्र आहेत. डेस, फुटबॉलचा पंच होता, निवृत्त झाला तरी शिट्टी गळ्यातून काढलेली नाही. आणि एर्कोले, गिलाव्याची कामं करणारा इटालियन. माझ्या पहिल्या दुकानाच्या भिंती त्यानेच केल्या. ‘तुझं गाव दाखव’ म्हणून दोघं गेली दहा वर्षं माझ्या मागे लागले होते. मी तारीख ठरवली ती तुझा दिवस बघून. तुला वाटत असेल, ज्या संताचं नाव त्याचा दिवस तो आपला नामदिन, हे स्ताथिसला मासे तळता तळता कुठलं आठवायला. मेलबर्नमध्ये पंचवीस एप्रिलला सैनिकांच्या स्मरणाची सुट्टी असते. दुकान बंद. दर वर्षी त्या दिवशी मी रिकामा बसतो आणि मनात येतं, आज मार्कोसकडे खुर्च्या मांडल्या असतील.

तर आजचा दिवस ऐक. हॉटेलात पलंग दिसला तसा एर्कोले बुटांसकट आडवा झाला. डेसने शिट्टी फुंकली. ‘पहिल्या दिवशी ऊन असेपर्यंत कुणी झोपायचं नाही,’ म्हणाला. ‘आज झोपलात की आठवडाभर रात्री भुतासारखे फिराल. चला.’ म्हणून आम्ही चालत सुटलो. समुद्राकाठच्या रस्त्यावर एर्कोले कठड्याला टेकून उभ्याउभ्या झोपला. एका चर्चमध्ये नेलं, तर तिथे खुर्चीत बसून घोरायला लागला. मेणबत्त्या विझवणारी म्हातारी येऊन त्याला म्हणाली, ‘बाबा, इथे लोक रडायला येतात.’ मी त्याला अर्थ सांगितला. तो म्हणाला, ‘तिला सांग, रडायचीच पाळी आलीय, पाय बघ माझे.’ मला स्वतःला जमीन डगमगल्यासारखी वाटत होती. कॉफीच्या टपरीवर मी तीनदा ऑस्ट्रेलियाची नाणी काढून दिली. लोक बोलत होते ते ऐकू येत होतं, पण दुसऱ्याच्या स्वप्नातलं ऐकावं तसं.

तरी थांबलो नाही, कारण संध्याकाळी तुझ्याकडे यायचं होतं. मिठाईच्या दुकानात सायीचे त्रिकोण घेतले, दोन डझन. बाईने विचारलं, ‘काय आहे घरी?’ म्हटलं, भावाचा नामदिन. मार्कोस. ती म्हणाली, ‘आज?’ म्हटलं, आज नाहीतर कधी? तिने खांदे उडवले आणि डब्याला रिबीन बांधली.

मग त्या पायऱ्या. डेसने मोजल्या, दोनशे सोळा. डबा एर्कोलेच्या हातात, कारण हातात डबा असला की तो झोपत नाही. वर पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते, म्हणजे दुपारची झोप संपलेली, पाहुणे यायला हरकत नसलेली वेळ. तेवढी रीत मी विसरलेलो नाही.

आणि दार बंद. खिडक्यांच्या झडपाही बंद.

आपल्या घरी तुझ्या दिवशी काय असायचं, मार्कोस? दार वाऱ्याने लोटू नये म्हणून आई सकाळीच खाली विटेचा तुकडा लावायची. आमंत्रण कुणाला द्यायचं नाही आणि परत कुणाला पाठवायचं नाही. वर्षभर अबोला असलेला माणूससुद्धा त्या दिवशी आत यायचा, खुर्चीवर टेकायचा, गोड खायचा, ‘उदंड आयुष्याचा हो’ म्हणायचा आणि जायचा. कुणी काही उकरून काढायचं नाही. म्हणून तर मी हा दिवस निवडला. तीनशे चौसष्ट दिवस तू मला दारातून हाकलू शकतोस. आज नाही.

एव्हान्थियाने साखळी न काढता दार बोटभर उघडलं. अंगात घरातला झगा.

‘भाऊजी? तुम्ही? आज?’

‘आज नाहीतर कधी येणार? मार्कोस कुठाय?’

‘पडलेत जरा.’ मग तिची नजर डब्यावर गेली. ‘यात काय आहे?’

‘सायीचे त्रिकोण.’

‘साय?’ तिने हात असा मागे घेतला की जणू डब्यात विंचू होता. ‘नाही हो, हे आत नाही आणता यायचं. परत न्या. अहो, ऐका तरी, भाऊजी...’

मी ऐकलं नाही. नामदिनाला आणलेलं गोड परत करणारं घर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. डेसने विचारलं, ‘काय म्हणतेय?’ मी म्हटलं, डबा आत न्यायला मनाई आहे. तो म्हणाला, ‘आणि आपल्याला?’ सव्वीस तास ह्या दोघांना सांगत आलो होतो की आमच्याकडे आज परक्यालासुद्धा दार उघडं असतं.

आणि एक सांगतो. मी तेलाकडे पाठ करून उभा असलो तरी नुसत्या आवाजावरून मासा कधी काढायचा ते सांगतो. ह्या कानांवर मी तीन दुकानं उभी केली. मला तुझा खोकला ऐकू येणार नाही? दोनदा खोकलास. मग पलंग कुरकुरला. मग पायाने चपला चाचपल्याचा आवाज. मग काही नाही. चपला सापडल्या होत्या, मार्कोस. तू आला नाहीस.

मी खाली गल्लीत उभा राहून दोन-चार शब्द बोललो आणि शांतपणे उतरलो.

नऊ वर्षांपूर्वीही तू हेच केलंस. आई गेली, आणि तू एक दिवससुद्धा थांबला नाहीस. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून धावत आलो तर समोर मातीचा ढीग आणि त्यावर कोमेजलेली फुलं. मी आईचं तोंड पाहिलं नाही. आज तुझंही नाही पाहिलं. आपल्या घरात मला दाखवण्यासारखं काही शिल्लकच ठेवायचं नाही असं तू ठरवलेलं दिसतं.

डेस म्हणतोय, सूर्य गेला, आता झोपायला परवानगी आहे. उद्या उजाडलं की हे पत्र तुझ्या दाराच्या फटीतून आत सारणार आहे.

कागदोपत्री तुझा भाऊ,
स्ताथिस


शुक्रवार, २६ एप्रिल, सकाळचे अकरा

मार्कोस,

सकाळचं पत्र वाचलं नसशील तर वाचू नकोस. मी ते आत सारलं, मग तासाभराने पुन्हा दोनशे सोळा पायऱ्या चढून आलो आणि फटीत बोटं घालून पाहिली. दोन बोटं आत गेली. पत्र हाताला लागलं नाही.

झालं असं. आम्ही तिघं कोंबड्याच्या आधी टक्क जागे. तो डबा तसाच होता, म्हणून हॉटेलच्या गल्ल्यावर बसणाऱ्या पोलिक्सेनीबाईंपुढे ठेवला. माझ्याच वयाच्या आहेत. म्हणाल्या, ‘ईस्टर झाल्यावर आणा, दोन खाईन.’

म्हटलं, ‘बाई, ईस्टर होऊन महिना होत आला.’

‘कुठे झाला?’

‘मेलबर्नला.’

‘तिथे झाला असेल,’ त्या म्हणाल्या. ‘इथे पाच मेला आहे.’

डेस मध्ये पडला. शपथेवर सांगायला लागला की त्याने स्वतः मार्चच्या शेवटी चॉकलेटची अंडी खाल्लीत, नातवंडांसमोर. एर्कोलेनेही मान डोलावली. बाईंनी दोघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘हे दोघं पोपचे, त्यांचा ईस्टर वेगळा, त्यांचं समजू शकते. तुम्ही कुणाचे?’ आणि खणातून चर्चची दिनदर्शिका काढून माझ्यापुढे उघडी टाकली. पंचवीस एप्रिलवर बोट ठेवलं. ईस्टरआधीचा उपवासाचा काळ, दूध-साय वर्ज्य. त्यात मार्कोसचा दिवस आला की तो पुढे ढकलतात, ईस्टरनंतरच्या मंगळवारी. यंदा सात मे.

मला हे ठाऊक होतं. लहानपणी तू एकदा ह्यावरून जमिनीवर लोळून रडला होतास, माझा दिवस का पळवला म्हणून. पण तिथे सगळीकडे त्यांचाच ईस्टर असतो. दुकानात ससे, सुट्ट्या, जाहिराती. तो झाला की डोक्यात ईस्टर झालेला असतो. आपलं चर्च तिथेही आहे, दिनदर्शिका तिथेही मिळते. पण मी नऊ वर्षांत तिथल्या चर्चमध्ये गेलेलो नाही. आता हे लिहून गेलोच आहे तर राहू दे.

म्हणजे मी काय केलं? भर उपवासात, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणाऱ्या माणसाच्या घरी दोन डझन सायीचे त्रिकोण घेऊन उभा राहिलो आणि वर त्याच्या बायकोला रीत शिकवली. एव्हान्थियाला सांग, स्ताथिस माफी मागतो. तिला. तुला नाही.

कारण माझा राग कमी झालेला नाही, त्याने फक्त जागा बदललीय. तू आत होतास. चपला पायात होत्या. झडप उघडून एवढंच म्हणायचं होतं, ‘अरे गाढवा, उपवास चालू आहेत, सात तारखेला ये.’ मी रस्त्यावरच हसलो असतो. डेसला, एर्कोलेला सांगितलं असतं, तेही हसले असते. नऊ वर्षं एका वाक्यात संपली असती. तू मला तिथे गल्लीसमोर हात हलवत उभा राहू दिलंस. मी चुकलो ते दिनदर्शिकेत. तू चुकलास ते मुद्दाम.

आम्ही तीन तारखेला परत निघतो. उत्तर द्यायचं तर हॉटेलवर दे.

स्ताथिस


पवित्र सोमवार, २९ एप्रिल

स्ताथिस,

दोन्ही पत्रं वाचली. पहिलं आधी वाचलं. मी मिळालेल्या गोष्टी क्रमाने घेतो.

तू साडेपाचला आला नाहीस. साडेचारला आलास. सगळी गल्ली झोपलेली असताना. तुझं घड्याळ कुठल्या गावचं होतं कोण जाणे. एव्हान्थिया गोळी घेऊन नुकती पडली होती.

आणि तू दोन-चार शब्द बोलला नाहीस. पाव तास बोललास. ‘ज्याने आईला चोरासारखं पुरलं तो आज दार लावून बसलाय’ हे तुझे शब्द. समोरच्या बाईने झडप उघडून ऐकलं, खालच्या न्हाव्याने दुकानातून बाहेर येऊन ऐकलं. ह्या गल्लीत मला राहायचं आहे. तू विमानात बसून जाशील. चपला पायात घातल्या होत्या, हे तू बरोबर ऐकलंस. उठलोही होतो. ते वाक्य कानावर आलं आणि पुन्हा बसलो.

आता आईबद्दल. आई ऑगस्टमध्ये गेली, गुरुवारी पहाटे. मी तुझ्या दुकानात तासाभरात फोन केला. त्या वेळी तुमच्याकडे दुपार होती. तू फोनवर होतास. म्हणालास, निघतो. मी विमानांची चौकशी केली होती. शुक्रवारी सकाळचं विमान पकडलं असतंस तर शनिवारी सकाळी पोचला असतास. मी धर्मगुरूला शनिवार दुपारपर्यंत थांबायला लावलं. ऑगस्टात, स्ताथिस. लोक माझ्याकडे कसे बघत होते ते तू पाहिलं नाहीस. शनिवारी सकाळी मी विमानतळावर उभा होतो. तू त्या विमानात नव्हतास. तू शनिवारी निघालास. शुक्रवारी तू कुठे होतास ते मला तुझ्याच दुकानातल्या मुलीने त्या शनिवारी फोनवर सांगितलं. ‘साहेब काल तळणीवर होते, शुक्रवारची गर्दी होती.’

हे मी त्या दिवशी आईच्या नावाने घातलेल्या जेवणाला सगळ्यांसमोर बोललो नाही. तू बोललास ते ऐकून घेतलं आणि उठून गेलो. नऊ वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. एव्हान्थियालाही नाही.

सात तारखेचं मनात आणू नकोस. मी वर्तमानपत्रात सूचना देणार आहे, मार्कोस यंदा नामदिन साजरा करणार नाहीत, भेटी घेणार नाहीत. तशी रीत आहे, तुलाही आठवत असेल. सूचना आली की कुणी येत नाही आणि कुणाला वाईटही वाटत नाही.

हे पत्र एव्हान्थिया हॉटेलवर देईल. तिने तुझी माफी घेतली आहे.

मार्कोस


शुक्रवार, ३ मे, सकाळ

मार्कोस,

घड्याळ दुबईचं होतं. तिथे विमान बदलताना लावलं आणि इथे उतरल्यावर बदललं नाही. डेसने आज विमानतळावर जाताना पाहिलं आणि मला नको नको ते बोलला. आठवडाभर मी जगाच्या एक तास पुढे चालत होतो.

तो आणि एर्कोले गेले. मी तिकीट बदललं. दोघांना कारण सांगितलं नाही, पण एर्कोले निरोप घेताना म्हणाला, ‘तुझ्या भावाची झडप तेव्हा एकदा हलली होती. मी बघितलं होतं. डबा धरून जागा होतो ना.’ आठवडाभर त्याने हे मला सांगितलं नाही. कुणावर कुणावर रागवायचं, मार्कोस?

शुक्रवारचं खरं आहे.

मी ह्या एका वाक्याच्या पुढे चार वेळा लिहून चार वेळा फाडलं. त्या शुक्रवारी दोन माणसं सुट्टीवर होती, नवीन तळणी आठवड्यापूर्वी बसवली होती, असं लिहिता येईल. सगळं खरं आहे. पण तेलापुढे उभं राहून मी स्वतःला सांगत होतो की आई थांबेल. आई नेहमी थांबायची. तू थांबलास हे मला माहीत नव्हतं. तू शनिवारी विमानतळावर उभा होतास हे मला नऊ वर्षांत कुणी सांगितलं नाही, तू तर नाहीच. ह्याचा मला राग येतो. तू मला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, थोबाडीत मारायला हवी होतीस. मी ऐकून घेतलं असतं. ऐकून घेतलं नसतं, पण पुढल्या वर्षी तरी घेतलं असतं.

सूचना द्यायची तर दे. मी इथून हलणार नाही. पोलिक्सेनीबाई सकाळी पेपर आधी माझ्यापुढे ठेवतात, मग गिऱ्हाइकांना. तुझी सूचना आज आलेली नाही.

स्ताथिस


मंगळवार, ७ मे, दुपार

मार्कोस,

शनिवारचा पेपर सणाआधीचा शेवटचा होता. ईस्टरला छापखाने बंद, आज पुन्हा सुट्टी. म्हणजे तुला जी काही सूचना द्यायची होती ती शनिवारी यायला हवी होती.

मी तो अंक पुढून मागे आणि मागून पुढे वाचला. निधनं वाचली, लग्नं वाचली, हरवलेलं कुत्रं वाचलं. ‘साजरा करणार नाहीत’ मध्ये दोन मार्कोस आहेत. एक दातांचा डॉक्टर, एक निवृत्त कर्नल. दोघांचीही आडनावं तुझी नाहीत. पोलिक्सेनीबाईंनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. म्हणाल्या, ‘नाही हो, तुमचे नाहीत.’ मग म्हणाल्या, ‘दाढी करून घ्या.’

करून आलो. तुझ्या खालच्याच न्हाव्याकडे. त्याने मला ओळखलं, आणि वस्तरा गळ्याशी असताना म्हणाला, ‘पाव तास बोलतोस तू, मी घड्याळ लावलं होतं.’ मी मान हलवली नाही. तो म्हणाला, वर सकाळपासून फर्निचर सरकवल्याचा आवाज येतोय. मी म्हटलं, मलाही येतोय. खुर्च्या आहेत. लाकडी, सहा तरी असाव्यात.

माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आत आल्यावर तुला वाटायचं की मी मवाळ झालो. तुझाही गेलेला नसणार. तो घेऊनच ये समोर. नामदिनाला कुणी काही उकरून काढत नाही, मला रीत माहीत आहे. म्हणून मी सगळ्यांच्या शेवटी येईन, आणि बाकीचे उठले की उठणार नाही.

शुक्रवारचं मी सांगतो. शनिवारचं तू सांग. आधी कुणी बोलायचं ते बसल्यावर ठरवू.

साडेसहाला निघतो आहे. इथल्या घड्याळाने.

तुझा भाऊ,
स्ताथिस